अक्षरांच्या गाठीत टिकलेले देव

आइसलँडच्या भाषेत जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. त्यामुळे तिथली जुनी कविता शेवटच्या यमकावर नाही, सुरुवातीच्या अनुप्रासावर उभी राहिली. ‘डेइर फ्ये, डेइया फ्राइन्दर’, म्हणजे गुरंढोरं मरतात, सगेसोयरे मरतात. यातले ‘फ्ये’ आणि ‘फ्राइन्दर’ हे शब्द ‘फ’ने एकमेकांना बांधले आहेत. पाठ म्हणताना दुसरा शब्द आठवला नाही तर ‘फ’ लगेच वाट दाखवतो, आणि कुणी भलताच शब्द घातला तर कान अडखळतो. पाठांतराची राखण अशी ओळीच्या आतच असते.

इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ओदिन, थोर या जुन्या देवांची पूजा थांबली, पण कवींना ते सोडवेनात. ‘रीमुर’ नावाच्या लांब कथाकाव्यांत सोन्याला सोनं न म्हणता ‘सिफचे केस’ म्हणायची रीत होती. सिफ ही थोरची बायको. लोकी या खोडकर देवाने तिचे केस कापले आणि मग बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे घडवून आणले, ही गोष्ट ठाऊक असल्याशिवाय ती ओळ कळायचीच नाही. चर्चला जाणारी माणसंही त्यामुळे पिढ्यानपिढ्या या देवांच्या कथा शिकत राहिली. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

या परंपरेत वाढलेला एक शेतकरी म्हणजे स्वेइनब्यर्न बेइन्तेइनसॉन (जन्म १९२४). मेंढ्या राखायचे, रीमुर गायचे. १९५३ साली त्यांनी रीमुरच्या वृत्तांवर पुस्तक लिहिलं, तेही उदाहरणाची कडवी स्वतः रचून. २० एप्रिल १९७२ला, तिथल्या जुन्या पंचांगातल्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी, मोजक्या सोबत्यांसह त्यांनी आउसात्रू संघ स्थापला. ‘आउसात्रू’ म्हणजे जुन्या देवांवरची श्रद्धा. १९७३मध्ये सरकारने तिला धर्म म्हणून मान्यता दिली आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या द्रागहाउल्स या शेतावर, भर पावसात, पहिला जाहीर ‘ब्लोत’ म्हणजे देवांना नैवेद्य झाला. देवळं, पुजाऱ्यांची अखंड परंपरा, यातलं काहीच उरलेलं नव्हतं. हाताशी होती ती कविता, आणि ती कशी म्हणायची हे त्यांना येत होतं.

डिसेंबर १९९३मध्ये ते गेले. १९८२ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आवाज आहे: एकटा, वाद्याविना, एडा या देव-वीरांच्या काव्यसंग्रहातली जुनी काव्यं म्हणणारा.