कट्टा किती इंचांचा असतो?

आमच्या कॉलेजात सायकल स्टँडला लागून एक बुटकी भिंत होती. भिंत कसली, पावसाचं पाणी वर्गांकडे वळू नये म्हणून कुणीतरी कधीतरी घातलेला बांध. वर कडप्पा, आणि तो कैक बॅचच्या पँटींनी घासून आरशासारखा झालेला. मध्यंतरी दाखल्याच्या कामाला तिथे गेलो, तर भिंत जागेवर आणि कट्टा गायब. कडप्पा काढून वर सिमेंटचा उतार केला होता, कौलारू छपरासारखा, दोन्ही बाजूंनी. त्यावर चिमणी टेकली असती, माणूस नाही. खिडकीतल्या क्लार्कना विचारलं, तर म्हणाले, "ठराव झालाय हो. येण्याजाण्याला अडथळा होत होता."

राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं. येण्याजाण्याला अडथळा हेच कारण मी एका जुन्या अमेरिकन पत्रात वाचलं होतं, आणि त्या पत्रातून पुढे भलतंच रामायण घडलं होतं. त्याकडे येतोच. आधी भिंतीकडे.

एका आवारात दहा भिंती असतात. त्यातल्या एकीचाच कट्टा होतो, बाकीच्या भिंतीच राहतात. असं का, हे शोधायला विल्यम व्हाइट नावाचा माणूस १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅमेरे घेऊन बसला. शहराने १९६१मध्ये बिल्डरांना एक आमिष दाखवलं होतं. इमारतीपुढे लोकांसाठी मोकळी जागा सोडा, बदल्यात वर जास्त मजले बांधा. बिल्डरांनी जागा सोडल्या, मजले चढवले, आणि बहुतेक जागा ओसाड पडल्या. मोजक्या मात्र दुपारच्या सुट्टीत माणसांनी फुलून जायच्या. व्हाइट आणि त्याचे सहकारी छपरांवर कॅमेरे लावून ठरावीक अंतराने चित्रं टिपत राहिले. कोण कुठे बसतं, किती वेळ, एकटं की जोडीनं.

ऊन, जागेचा आकार, क्षेत्रफळ असे सगळे तर्क त्याने तपासले. उत्तर इतकं साधं निघालं की तो स्वतःच ओशाळला असावा: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. बाक हवाच असंही नाही. पायरी, कठडा, झाडाभोवतीचा पार, काहीही चालतं. उंची साधारण १ ते ३ फुटांच्या दरम्यान असली की झालं. सीग्रम इमारतीपुढच्या कठड्यांवर भरपूर गर्दी असायची, आणि ते कठडे आखणाऱ्या वास्तुकाराच्या, मीस व्हान डेर रोहेच्या, डोक्यात बसण्याचा विचारही नव्हता. हे सगळं पाहून शहराने १९७५मध्ये नियम बदलला: दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक सक्तीची.

हे वाचल्यावर मी टेप घेऊन खाली उतरलो आणि आमच्या सोसायटीच्या गेटपाशी म्हातारे बसतात तो कट्टा मोजला. १९ इंच. वॉचमन संशयाने बघत होता.

व्हाइटची दुसरी नोंद मला जास्त आवडते. त्याला वाटलं होतं की रस्त्यात भेटलेली माणसं गप्पा मारायला कडेला सरकत असतील. चित्रफितींत उलटंच दिसलं. माणसं ऐन वर्दळीत थांबतात, निरोप घेतानाही तिथेच रेंगाळतात, आणि कडेला असलेली काही तर बोलता बोलता वर्दळीत शिरतात. कॉलेजचा कट्टा गेटपाशी, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर किंवा फीच्या खिडकीसमोर का असतो, ते इथे कळतं. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात छान टाइल्स लावून, बाक टाकून 'विद्यार्थी संवाद केंद्र' अशी पाटी ठोकली तरी तिथे कुत्रीच का झोपतात, तेही कळतं. अडथळा होतो ही प्रशासनाची तक्रार खोटी नसते. अडथळा होतो म्हणूनच ती जागा जमते.

पण जमून होतं काय? चकाट्याच ना?

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतल्या एमआयटीने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली. तिच्या एका भागात दुमजली इमारती होत्या, प्रत्येक मजल्यावर ५ घरं. घर निवडायची मुभा नव्हती. जे रिकामं होईल ते मिळायचं. म्हणजे कोण कुणाचा शेजारी होणार हे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखंच ठरत होतं, आणि संशोधकांना असा प्रयोग आयता हाती लागणं म्हणजे लॉटरीच. लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी तिथल्या बिऱ्हाडांना विचारलं, तुमचं येणंजाणं कुणाकडे जास्त? त्यांनी १९५०मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार अगदी लागून असलेल्या घरांपैकी ४१ टक्के घरांची नावं मित्र म्हणून आली. एक घर सोडून पलीकडे २२ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त १०. आणि एका दारापासून पुढच्या दारापर्यंत अंतर किती? जेमतेम १९ फूट. जिन्याच्या तोंडाशी किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख असायची, कारण वरची माणसं त्यांच्या दारावरून जायची. स्वभाव, आवडनिवड वगैरे असतंच. पण आधी रोज तोंड दिसावं लागतं.

कॉलेजात ते काम कट्टा करतो. कट्ट्यावर जिवलग मित्र एकदोनच असतात. बाकी सगळे 'तोंडओळख' या खात्यातले: वरच्या वर्गातला तो, हॉस्टेलवरची ती, नाटकवाल्यांतला एक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३च्या शोधनिबंधात याच पातळ ओळखींचं मोल मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने ही बातमी दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे १७ टक्क्यांच्या आत होते. अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांहून जास्त, आणि क्वचितच भेटणारे सुमारे २८ टक्के. जवळच्या मित्राला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या माणसाकडून येते. ज्याच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्याला शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, कुठल्या सरांच्या नोट्स, कुठल्या मेसचं जेवण पोटाला सोसतं, हे सगळं असंच कळतं. मला एनएसएसच्या कॅम्पचं पत्र त्या कडप्प्यावर बसलेल्या आणि आता नावही न आठवणाऱ्या एका मुलाने दाखवलं होतं.

मग इतकी कामाची जागा प्रशासन का मोडतं? कुणी दुष्ट असतं असं नाही. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला कॅनडातल्या एका इस्पितळात सापडलं. सस्कॅचवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. भान बदलणाऱ्या औषधांसाठी 'सायकेडेलिक' हा शब्द घडवला ते हेच. काही खोल्या माणसांना एकत्र आणतात आणि काही पांगवतात, असं त्यांनी १९५०च्या दशकात मांडलं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रॉबर्ट सॉमरने वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड पाहिला. नव्याने सजवलेला, लख्ख. खुर्च्या मात्र भिंतीला पाठ लावून एका रांगेत, एसटी स्टँडवर असतात तशा. बायका दिवसभर शेजारीशेजारी बसायच्या आणि बोलायच्या नाहीत. सॉमरने खोलीत लहान टेबलं आणून त्यांच्याभोवती खुर्च्या मांडल्या. खुर्च्या पुन्हा पुन्हा भिंतीकडे सरकत होत्या, कारण रांगेतल्या खुर्च्यांची सगळ्यांना सवय होती आणि झाडलोटीला तीच मांडणी सोयीची. तरी त्याने नेट धरला. काही आठवड्यांनी मोजलं तर बायकांचं आपसातलं बोलणं जवळपास दुप्पट झालेलं.

त्या वॉर्डात बायकांना कुणी गप्प बसवलं नव्हतं. फक्त झाडू मारायची सोय हिशेबात धरली होती आणि बोलणं धरलं नव्हतं. कॉलेजच्या फायलीतही स्वच्छता, सुरक्षा, थकबाकी, रहदारी यांना रकाना असतो. गप्पांना नसतो. दिल्लीच्या जेएनयूत २०२२मध्ये कँटीन आणि ढाबेवाल्यांना आवार सोडण्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा कागदावर विषय होता तो भाड्याच्या थकबाकीचा. रात्री दोन वाजता चहाच्या ग्लासाभोवती होणारी चर्चा कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

आता ते पत्र. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात पूर्वी सेदर गेट ही दक्षिणेची वेस होती. गेटबाहेर, टेलिग्राफ अॅव्हेन्यूवर, विद्यार्थी पत्रकं वाटायचे, भाषणं ठोकायचे, कारण आत राजकारणाला बंदी. मग विद्यापीठाने तो पट्टा आवारात घेऊन तिथे नवी इमारत आणि चौक बांधला. विद्यार्थी गुमान नव्या वेशीवर सरकले, बॅन्क्रॉफ्ट आणि टेलिग्राफच्या नाक्यावर. तिथे २६ फुटांचा विटांचा पदपथ होता, आणि तो नगरपालिकेचा आहे असा सगळ्यांचाच समज. तो विद्यापीठाचाच निघाला. सप्टेंबर १९६४मध्ये डीन कॅथरीन टाउल यांच्या सहीचं पत्र आलं की यापुढे तिथे टेबलं मांडता येणार नाहीत. दिलेल्या कारणांत एक होतं: येण्याजाण्याला अडथळा.

१ ऑक्टोबरला विद्यार्थ्यांनी थेट प्रशासनाच्या दारात, स्प्राउल हॉलसमोर, टेबलं लावली. नागरी हक्कांच्या टेबलावरच्या जॅक वाइनबर्गला पोलिसांनी गाडीत बसवलं, आणि जमलेली पोरं गाडीभोवती फतकल मारून बसली. गाडी तब्बल ३२ तास हलली नाही, आत वाइनबर्ग. गाडीचं टप हेच व्यासपीठ झालं. मारिओ साव्हिओ हा विद्यार्थी नेता वर चढताना बूट काढून चढला, पत्र्याला पोचे नकोत म्हणून. डिसेंबरमध्ये स्प्राउल हॉलमधल्या ठिय्यात सुमारे ८०० जणांना अटक झाली, आणि ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

या गोष्टीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा तुकडा मात्र भाषणांच्या गर्दीत हरवतो. जानेवारी १९६५मध्ये हंगामी कुलगुरू म्हणून मार्टिन मायरसन आले. ते मूळचे नगररचनाकार. त्यांनी स्प्राउल हॉलच्या पायऱ्या दिवसातल्या ठरावीक वेळी खुल्या चर्चेसाठी मोकळ्या केल्या आणि टेबलांना परवानगी दिली. रोजची वाट जिथून जाते तिथेच, मागच्या कोपऱ्यात नाही. जागेची विद्या शिकलेला माणूस खुर्चीवर आला की निर्णय कसा बदलतो, याचं याहून नेटकं उदाहरण मला माहीत नाही. त्या पायऱ्यांना १९९७मध्ये साव्हिओचं नाव दिलं गेलं.

कट्ट्याचे एवढे गोडवे गाताना एक गोष्ट कबूल करायला हवी. आमच्या कडप्प्यावर मुली बसत नसत. त्या समोरून जायच्या, पुस्तकं छातीशी धरून, पावलं जरा उचलून, आणि तेव्हा आम्हाला त्यात काही खटकत नव्हतं. व्हाइटने हेही मोजलं होतं. एखाद्या जागेत बायकांचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी दिसलं, तर तिथे काहीतरी बिनसलंय असं तो खुशाल समजायचा, कारण कुठे बसायचं हे त्या जास्त पारखून ठरवतात. म्हणजे त्याच्या हिशेबाने आमचा कट्टा तसा नापासच. पण त्यावर औषध म्हणजे दिवा, बायकांचं जवळचं स्वच्छतागृह, दोनचार जास्तीचे कट्टे आणि हॉस्टेलचं दार रात्री उशिरा बंद होणं. सिमेंटच्या उताराने त्या मुलींना बसायला जागा मिळाली नाही, फक्त मुलांचीही गेली.

दाखला मिळायला दुपार झाली. बाहेर आलो तेव्हा सायकल स्टँडमध्ये, म्हणजे आता स्कूटरच्या पार्किंगमध्ये, सातआठ पोरंपोरी जमली होती. दोघं एका स्कूटरवर उलटे बसलेले, एक मुलगी शेजारच्या स्कूटरवर आडवी, तिचा डबा पायाशी फूटबोर्डवर उघडा, आणि येणाराजाणारा त्यांना वळसा घालून जात होता. अॅक्टिव्हाची सीट जमिनीपासून ७६४ मिलिमीटर उंच असते. म्हणजे तीस इंच.