पार्श्वभूमी: सायट्रेटवर वाढू लागलेला ई. कोलाय

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये सायमन्स सायट्रेटच्या स्लँटवर (सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, हेच अन्न असलेल्या नळीतल्या तिरप्या माध्यमावर) ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू पसरवला, तर नळी हिरवीच राहते. निळी झाली की समजायचे, हा ई. कोलाय नव्हे. हवेत सायट्रेटवर वाढता न येणे ही त्याची ओळखखूणच.

नवा अवयव किंवा गुण येतो कुठून, हा वाद जुना आहे. ‘अर्धवट पंखाचा उपयोग काय?’ या आक्षेपाला १८७२ सालीच उत्तर दिले गेले होते: अवयव टिकतो, त्याचे काम बदलते. याला पुढे ‘पूर्वानुकूलन’ म्हटले गेले. निसर्गाने आधीच तयारी करून ठेवली होती, असा चुकीचा अर्थ त्यातून निघतो, म्हणून १९८२ मध्ये ‘एक्झॅप्टेशन’ हा पर्यायी शब्द सुचवला गेला. मात्र हा सगळा अंदाज जीवाश्मांवरून आणि आजच्या प्राण्यांवरून मागे जाऊन बांधलेला होता.

घडताना पाहण्याची सोय फेब्रुवारी १९८८ मध्ये अमेरिकेत झाली. ई. कोलायच्या एकाच पूर्वजापासूनच्या १२ वसाहती वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये ३७ अंशांवर हलत्या ठेवल्या. रोज ०.१ मिली जुने द्रावण ९.९ मिली ताज्या माध्यमात टाकायचे. म्हणजे दिवसाला शंभरपट वाढ, सुमारे ६.६ पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी, म्हणजे साधारण ७५ दिवसांनी, नमुना ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवायचा. माध्यमात ग्लुकोज जेमतेम, लिटरला २५ मिलिग्रॅम. सायट्रेट मात्र भरपूर. पण ते अन्न म्हणून नव्हे, लोह विरघळलेले राहावे म्हणून घातलेले.

२००३ साली, ३३ हजार पिढ्या उलटल्यावर, एक फ्लास्क इतरांपेक्षा कितीतरी गढूळ दिसला. पहिला संशय अर्थातच भेसळीचा, कारण सायट्रेटवर वाढणारे दुसरे जिवाणू चुकून पडू शकतात. पण त्याच वसाहतीत आधी साचलेली खास उत्परिवर्तने या पेशींतही सापडली. गोठवलेल्या नमुन्यांत मागे जाऊन पाहिले, तर हा गुण ३१,५०० व्या पिढीच्या आसपास आला होता.

खरा वाद इथून सुरू होतो: याला ‘नवा’ गुण म्हणायचे का? सायट्रेट पेशीत घेणाऱ्या वाहक प्रथिनाचे जनुक, सिट-टी, ई. कोलायकडे पूर्वीपासून आहे. फक्त ते ऑक्सिजन नसतानाच चालू होते. इथे डीएनएचा २,९३३ बेसजोड्यांचा तुकडा दुप्पट झाला, आणि दुसऱ्या प्रतीतले सिट-टी शेजारच्या, हवेतही चालू राहणाऱ्या प्रवर्तकाच्या (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाच्या) हाताखाली आले. आक्षेप घेणारे म्हणतात, नवीन जनुक कुठे आहे? हा आक्षेप नव्याची व्याख्याच चुकवतो. अवयवसुद्धा असेच घडतात: साहित्य जुने, ते कधी आणि कुठे चालू व्हायचे हे नवे.

शिवाय एवढ्याने भागत नव्हते. सुरुवातीच्या पेशी सायट्रेटवर जेमतेम वाढत. त्या तुकड्याच्या प्रतींची संख्या वाढल्यावरच फ्लास्क गढूळ झाला. हा वाहक सायट्रेट आत घेताना सक्सिनेटसारखे पदार्थ बाहेर टाकतो. ते परत ओढून घेणारे जनुक, डीसीटी-ए, चालू झाल्यावर वाढ नीट बसली. जुन्या नमुन्यांतून तोच प्रवास पुन्हा करून पाहिला, तेव्हा २० हजार पिढ्यांआधीच्या एकाही पेशीतून हा गुण आला नाही. आधीच्या काही बदलांनी जमीन तयार केली होती, म्हणूनच हा गुण इतका दुर्मीळ, असा अर्थ २००८ मध्ये मांडला गेला.

२०१६ मध्ये दुसऱ्या गटाने याच निष्कर्षाला आव्हान दिले. ग्लुकोज संपल्यावर पेशी जास्त दिवस सायट्रेटवरच ठेवल्या, तर हा गुण शंभरेक पिढ्यांच्या आतच, पुन्हा पुन्हा आला. मग दुर्मीळ कसला? हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मूळ निष्कर्ष त्याने खोडला जात नाही. रोज ताजे ग्लुकोज मिळत असताना सायट्रेटवरच्या क्षीण वाढीला फारसा फायदाच नसतो. तिथे आधीच्या बदलांचा आधार लागतो. गुण किती लवकर येतो हे निवडीचा दाब ठरवतो, हे दोन्ही प्रयोग मिळून दाखवतात.

त्याच फ्लास्कमध्ये सायट्रेट न खाणारी जुनी शाखाही हजारो पिढ्या टिकून होती. ४४ हजाराव्या पिढीच्या सुमारास ती संपली. तिच्या अंताआधीचा गोठवलेला नमुना काढून तोच काळ पुन्हा चालवला, तेव्हा मात्र ती टिकली.