पाटे, लॉक आणि सेन्सर: गोव्यातल्या जुन्या-नव्या फोर बाय फोर गाड्यांची पार्श्वभूमी

पाऊस ओसरायला लागला की फोंडा, वाळपई, धारबांदोडा पट्ट्यातल्या गॅरेजांसमोर तोच वाद रंगतो. जुनी महिंद्रा जीप घ्यावी, मिळाली तर जिप्सी शोधावी, की बँकेचं कर्ज काढून महिंद्राची नवी थार किंवा मारुतीची जिम्नी उचलावी? ‘जुन्या गाडीला कॉम्प्युटर नाही म्हणून ती जंगलात अडत नाही’ हे एका गटाचं पालुपद. ‘जुनी गाडी म्हणजे दर रविवारी मेस्ताच्या (मेकॅनिकच्या) दारात’ हे दुसऱ्याचं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण कोणती गाडी कुठून आली आणि बाजारातून का गेली हे पाहिलं, तर वय हा मुद्दा मागे पडतो आणि दुसराच पुढे येतो: चाकाची पकड सांभाळायचं काम कुणाकडे आहे? ड्रायव्हरकडे, दोन चाकं एकत्र जखडणाऱ्या एखाद्या लॉककडे, की ब्रेक चालवणाऱ्या संगणकाकडे?

सुरुवात अर्थातच युद्धापासून होते. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी टेहळणी गाडी हवी होती आणि पहिला नमुना द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीनं ती पाळली. पण मोठं उत्पादन करायची ताकद तिच्यात नव्हती, त्यामुळे कामाचा मोठा वाटा विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, साधारण ६० अश्वशक्ती, पुढे-मागे डावं-उजवं चाक जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग), आणि एका लिव्हरनं पुढची चाकं जोडायची, दुसऱ्यानं लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, टाकायची. पुढची कित्येक दशकं ‘ऑफरोड गाडी’ म्हणजे एवढंच होतं.

भारतात ती आणली महिंद्रानं. कंपनी १९४५ ची. चाळीसचं दशक संपेपर्यंत मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या होत्या. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. इथे गाड्या उतरत त्या मुरगाव बंदरात, थेट परदेशातून. मर्सिडीजच्या टॅक्सी ही त्या काळाची आठवण जुनी माणसं अजून सांगतात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आयातीची वाट बंद झाली आणि कच्च्या रस्त्यावर जायचं तर देशी जीप हाच मार्ग उरला. डिचोली, सत्तरी, सांग्यात खाणींचा पसारा वाढत होता. खाणीवरचा रस्ता आज असतो, उद्या नसतो. तिथल्या साहेबाची, सर्वेअरची गाडी म्हणजे जीप, हे समीकरण तिथे पक्कं झालं.

जुन्या जीपच्या बाजारात आजही पहिला प्रश्न येतो तो ‘लो बोनेट की हाय बोनेट?’ हा. फरक दिसण्याचा वाटतो, पण कारण इंजिनात आहे. विलीजनं १९५३ मध्ये सीजे-थ्रीबी काढली तेव्हा तिच्यातल्या नव्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले होते. इंजिन उंच झालं, जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच उचललं. अमेरिकेत ती पुढे मागे पडली. महिंद्रानं मात्र तोच चेहरा आपल्याकडे दशकानुदशकं चालवला. त्यामुळे गोव्यात ‘विलीज’ म्हणून विकायला ठेवलेली हाय बोनेट गाडी बहुधा महिंद्राची असते. विकणारा शपथ घेत असला तरी.

डिझेल आलं आणि जीपचा स्वभाव बदलला. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली ती प्यूजोच्या २.१ लिटर एक्सडीपी डिझेल इंजिनासह. पाण्याच्या बाबतीत हा बदल मोठा होता, आणि ‘जुनी गाडी पाण्याला दाद देत नाही’ हे वाक्य अर्धंच खरं का, तेही इथेच कळतं. जुन्या पेट्रोल जीपला इंजिनात स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर असतो. पंख्यानं उडवलेलं पाणी त्याच्या कॅपमध्ये शिरलं की स्पार्क गेला आणि गाडी ओहोळाच्या मधोमध उभी. म्हणून तर पूर्वी पाण्यात उतरण्याआधी फॅन बेल्ट काढून ठेवायची पद्धत होती. डिझेलला स्पार्क लागत नाही. यांत्रिक पंपाचं डिझेल एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज जवळजवळ नसते. त्यामुळे जुनी डिझेल जीप आणि जुनी पेट्रोल जीप यांना एकाच टोपलीत घालणं चूक आहे. हवा ओढणाऱ्या नळीत पाणी गेलं तर मात्र दोघींचंही मरण सारखंच: पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. नव्या गाडीतही हेच.

हे प्रत्यक्ष बघायचं तर कुळ्याला जावं. दूधसागरच्या वाटेवर पर्यटकांच्या जीप नदी ओलांडतात तिथे ड्रायव्हरच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. पाण्याच्या अलीकडेच गिअर ठरलेला असतो. गाडी सावकाश उतरते, पुढच्या बंपरसमोर पाण्याची एक लाट उभी राहते, आणि त्या लाटेमागे पडलेल्या खळग्यात इंजिन राहील इतकाच वेग तो धरून ठेवतो. मध्ये क्लच दाबला की लाट परत फिरून बोनेटखाली येते. म्हणून पाय क्लचपासून लांब. पलीकडे चढल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक, पट्ट्या सुकवायला. मागच्या सीटवरची मंडळी किंचाळत असतात, याचं चित्त कानाशी, इंजिनाच्या आवाजाकडे. या कामाला दोनशे अश्वशक्ती लागत नाही.

जिप्सीची गोष्ट निराळी. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीनं ती आणली ९७० सीसीच्या इंजिनावर. १९९६ ला १.३ लिटरची ‘किंग’, २००० च्या सुमारास इंजेक्शन आणि ८० अश्वशक्ती. मागची सीट म्हणजे मणक्याची परीक्षा. गाडीत आराम नावाची वस्तू नव्हतीच. पण वजन टनाच्या आसपास, आणि आपल्या मातीत तेच तिचं बळ. गोव्याची जमीन पावसाळ्यात फसवी असते: वर बोटभर तांबडा, साबणासारखा चिखल, खाली कडक जांभा. जड गाडी उतारावर एकदा घसरली की तिला अडवणं कठीण; हलकी घसरली तरी आवरते, आणि रुतली तर चार माणसं हातानं सरकवतात. लष्करानं, पोलिसांनी, वनखात्यांनी ती घेतली, लिलावात निघालेल्या गाड्या हौशी लोकांनी उचलल्या. जुलैच्या पावसात गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये, म्हणजे मलेशियात १९९७ ला जन्मलेल्या आणि २०१४ पासून भारतात भरणाऱ्या स्पर्धेत, पुरत्या बदललेल्या जिप्सी आणि जीप दिसतात त्या यामुळेच. लष्करी लिलावातली जोंगाही कुणाकुणाला मोहात पाडते. ती जबलपूरला बनलेली निस्सानची गाडी, चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ती घ्यावी, पण पेट्रोलपंप घराजवळ असावा.

या गाड्या ग्राहकांनी नाकारल्या म्हणून गेल्या असा समज आहे. तसं नाही. २०१९ मध्ये एबीएस, एअरबॅग, टकरीच्या चाचण्या अशा सुरक्षेच्या अटी जुन्या मॉडेलनाही लागू झाल्या आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले. जिप्सी आणि पहिली थार त्या चाळणीतून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. जिप्सी सामान्य गिऱ्हाइकासाठी बंद झाली. ऑक्टोबर २०१० ला आलेली थारही थांबली आणि २ ऑक्टोबर २०२० ला तिच्याच नावानं पूर्ण नवी गाडी उभी राहिली: २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, कंपनीच्या सांगण्यानुसार ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता, छत, एसी, ऑटोमॅटिक गिअर. ७ जून २०२३ ला पाच दारांची जिम्नी आली. तीन दारांची जिम्नी भारतातच बनते आणि परदेशी जाते, हे दुखणं गोव्यातल्या अरुंद वाटांवर गाडी घालणाऱ्याला जास्त जाणवतं. लांब व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या, गाडीचं पोट बांधावर टेकतं, बाकी काय.

आता तो पकडीचा मुद्दा. साधं डिफरन्शिअल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या मधली, जोर वाटणारी गिअरची पेटी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि ज्या चाकाला पकड नाही त्याला जेवढा जोर पेलवतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर पावसानं तिरके चर पाडलेले असतात. त्यात गाडी गेली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत, दोन्ही भिरभिरतात, जमिनीवरची दोन्ही गप्प. फोर बाय फोर टाकलेली असूनही गाडी हलत नाही. जुन्या जीपवाल्याकडे याला उपाय म्हणजे वाट नीट निवडणं, नाहीतर ब्रेकवर हलका पाय ठेवून भिरभिरणाऱ्या चाकाला अडवणं. २०१५ च्या थारमध्ये मागे ईटन कंपनीचं यांत्रिक लॉक आलं. दोन चाकांच्या फिरण्यात ठरावीक फरक पडला की ते आपसूक लागतं. पुण्याच्या फोर्स कंपनीची गुरखा आणखी पुढे: पुढे-मागे दोन्हीकडे लॉक, आणि ते लावायचे ड्रायव्हरनं. नवी थार आणि जिम्नी संगणकाकडून भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून घेतात.

इथेच जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आलेला पट्टीचा ड्रायव्हर चकतो. चाक फिरायला लागलं की पाय उचलायचा ही त्याची सवय, आणि जुन्या गाडीत ती बरोबर. संगणकाला मात्र चाक क्षणभर फिरलेलं दिसावं लागतं. अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवला तरच ब्रेक धरतो आणि जोर पलीकडे जातो. पाय उचलला की तोही थांबतो. मग ‘इलेक्ट्रॉनिक्स कामाचं नाही’ असा निकाल लागतो.

आणि जुनं-नवं हा भेद तरी कुठे सरळ आहे? नव्या जिम्नीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे रचनेनं ती जुन्या जीपच्या घराण्यातली, फक्त पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. २०१० च्या थारला मात्र, सीआरडीई या डिझेल इंजिनाच्या आवृत्तीत, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होतं. अखंड अ‍ॅक्सलचं एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि मधलं डिफरन्शिअल जमिनीपासून तेवढंच उंच राहतं. खडकाळ चढणीला हे उपयोगी. स्वतंत्र सस्पेन्शन फोंडा-पणजी रोज करणाऱ्याला सुखाचं. ज्याची गाडी आठवड्याचे सहा दिवस डांबरावर असते त्यानं ‘खरी ऑफरोडर’ शोधत पाठ मोडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

जुनी घ्यायचीच असेल तर गोव्यात इंजिनाआधी गंज बघावा लागतो. ओळखीचा एक मेस्त गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, “पयलीं चासी पळय, मागीर इंजीन.” म्हणजे आधी गाडीचा खालचा सांगाडा बघ, मग इंजिन. तो गाडीखाली सरपटतो आणि हातोडीच्या दांड्यानं चासीवर ठोकत पुढे सरकतो. घट्ट पत्र्याचा आवाज वेगळा, आतून कुजलेल्याचा बद्द. चासीची पेटी आतून कुजते. खारा वारा आणि आत साचलेली तांबडी माती ओल धरून ठेवते. पाट्यांचे हँगर आणि मागच्या आडव्या पट्टीचे कोपरे आधी जातात. चासीला नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर तिथेच थांबावं. इंजिनाचे भाग मिळतात, क्रॉस आणि बेअरिंगं तर तालुक्याच्या दुकानातही मिळतात. कुजलेल्या चासीला उपाय नाही.

दुसरी गोम कागदांची. हरयाणातल्या डबवालीत जीप नव्यासारख्या, हव्या तशा बांधून मिळतात, फोटो बघून जीव जातो. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करून गाडी नोंदवता येणार नाही. इंजिन बदललेलं, चासी नंबर घासलेला, आरसी दुसऱ्या राज्यातलं, अशी गाडी इथल्या आरटीओसमोर उभी करणं म्हणजे चिखलाहून मोठी ऑफरोडिंग. पंधरा वर्षांनंतर फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण लागतं. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली.

चालवायची कुठे, याचंही उत्तर आधीच शोधून ठेवलेलं बरं. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागेच्या वाळूत कासवं अंडी घालतात, आणि भरतीत रुतलेली गाडी ओढायला आलेल्या ट्रॅक्टरपाठोपाठ पोलीस येतात. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं. तिथे ठरलेल्या वाटेबाहेर जाणं गुन्हा. बंद खाणींचे चर कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहेत. उरतं ते ओळखीच्या माणसाचं कुळागर (माड-पोफळींची बाग), त्याच्या परवानगीनं, आणि गावाकडच्या कच्च्या वाटा.

एवढं सगळं धरून मला विचाराल तर गोव्यापुरती माझी पसंती मधल्या पिढीला: २०१५ ते २०१९ ची थार सीआरडीई, मागच्या लॉकसह. ना एअरबॅग, ना धड छत. पण लॉक यांत्रिक, पाटे बदलता येतात, आणि कागद सरळ असण्याची शक्यता जास्त. घरी लहान मुलं असतील आणि दुसरी गाडी नसेल तर नवीच घ्यावी. २०१० च्या पहिल्या थार आता पंधरा वर्षं ओलांडू लागल्या आहेत. फिटनेससाठी त्या रांगेत येतील तशा काही सुटतील, काही बाजारात येतील, आणि चासीवर ठोकून बघायचं काम त्यांच्याही नशिबी येईल.