उदंचन जलविद्युत प्रकल्प

वीज मुबलक आणि स्वस्त असते तेव्हा खालच्या तलावातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायची, अशा व्यवस्थेला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. त्याची क्षमता मेगावॅटमध्ये सांगतात म्हणून तो वीजनिर्मितीच्या हिशेबात धरला जातो. प्रत्यक्षात तो विजेचा ग्राहक आहे : शंभर युनिट घेतो आणि सत्तर ते ऐंशी परत देतो. उरलेली पंप, टर्बाइन, रोहित्रे आणि बोगद्यातले घर्षण यांत जातात. तरीही जगात आज साठवलेली बहुतांश वीज बॅटरीत नाही, अशा तलावांतच आहे.

युरोपात विसाव्या शतकाच्या आरंभीच असे प्रकल्प उभे राहिले. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन शहराचा १९०९ चा प्रकल्प त्यांपैकी एक. पुढची कित्येक दशके वेळापत्रक बहुतेक एकच होते, रात्री पंप आणि संध्याकाळी निर्मिती. कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, त्यामुळे मध्यरात्रीनंतर वीज शिल्लक पडे. महाराष्ट्रातल्या घाटघर उदंचन प्रकल्पाची आखणीही याच हिशेबाने झाली. सौरऊर्जेने हे घड्याळ उलटे केले. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. आता वीज शिल्लक पडते ती दुपारी आणि टंचाई होते ती दिवेलागणीनंतर, सौर उत्पादन शून्यावर आले की. पाणी आता दुपारी चढवावे लागते. यंत्र बदललेले नाही, पण करार, दर आणि पाण्याचे परवाने जुन्या घड्याळावर बेतलेले आहेत. अडचणी सुरू होतात त्या इथून.

पाणी, उंची आणि युनिट

गणित सरळ आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ४०० मीटर उंचीवरून टर्बाइनवर सोडले की साधारण एक युनिट वीज मिळते. सैद्धांतिक आकडा १.०९ युनिट आहे, टर्बाइन आणि जनित्राची १० टक्के तूट धरली की ०.९८. उंची निम्मी झाली तर तेवढ्याच विजेला पाणी दुप्पट लागते, तलाव दुप्पट लागतात आणि बुडणारी जमीनही वाढते. म्हणून या धंद्यात पहिला प्रश्न उंचीचा असतो.

दुसरा प्रश्न आडव्या अंतराचा. वरच्या तलावापासून खालच्या तलावापर्यंतच्या जलमार्गाची लांबी उंचीच्या दहापटींच्या आत असावी, असा ठोकताळा आहे. बोगदा लांबला की खर्च वाढतो, घर्षण वाढते, शिवाय आतल्या पाण्याचा लोंढा एकाएकी थांबवणे अवघड होते. सह्याद्रीला इतकी मागणी येते ती यामुळेच. कोकणकड्याच्या माथ्यावर एक तलाव, पायथ्याशी दुसरा, मध्ये दोन-चार किलोमीटर आणि उंची चारशे-पाचशे मीटर, अशी रचना देशात फार ठिकाणी मिळत नाही.

घाटघर हे त्याचे चालते उदाहरण. वरचे धरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात प्रवरेच्या खोऱ्यात, खालचे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात चोंढे येथे. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. प्रकल्पाला जपानचे कर्ज होते आणि तो २००८ मध्ये सुरू झाला. दोन्ही धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत. भारतात हे तंत्र पहिल्यांदा इथेच वापरले गेले. वरचे धरण जेमतेम १५ मीटर उंचीचे, खालचे सुमारे ८५ मीटरचे. दोन्ही संच पूर्ण भाराने चालले की दर सेकंदाला अंदाजे ७० घनमीटर पाणी खाली येते. सहा तासांत ते सुमारे १५ लाख घनमीटर होते, म्हणजे एका टीएमसीचा विसावा भाग. त्यातून १५ लाख युनिट मिळतात आणि तेवढेच पाणी पुन्हा वर न्यायला सुमारे २० लाख युनिट लागतात.

वीजगृहात

बहुतेक प्रकल्पांत पंप आणि टर्बाइन वेगळे नसतात. फ्रान्सिस जातीचे एकच चक्र एका दिशेने फिरवले की टर्बाइन होते आणि उलट फिरवले की पंप. त्याला जोडलेले जनित्र पंपाच्या वेळी मोटर बनते. हे चक्र खालच्या तलावाच्या किमान पातळीपेक्षाही कित्येक मीटर खोल बसवावे लागते. चारशे-पाचशे मीटर उंचीच्या प्रकल्पात ही खोली पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त भरते. तेवढा दाब मिळाला नाही तर पंपाच्या तोंडाशी पाण्यात बाष्पाचे बुडबुडे धरतात, पात्यांवर फुटतात आणि पोलादाला खड्डे पाडतात. वीजगृह डोंगराच्या पोटात नेण्यामागचे हे मोठे कारण आहे.

शंभर-दोनशे मेगावॅटची मोटर थेट ग्रिडला जोडून पाण्यात सुरू करता येत नाही. आधी चक्राभोवतीचे पाणी दाबाच्या हवेने खाली ढकलतात. चक्र हवेतच फिरू लागते. वारंवारता हळूहळू वाढवणाऱ्या उपकरणाने त्याला पूर्ण वेगावर आणतात, ग्रिडशी जुळवतात, मग हवा सोडून पाणी आत घेतात आणि मार्गदर्शक पाती उघडतात. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. उलट प्रवास, म्हणजे निर्मितीकडे येणे, पुष्कळ झटपट होतो. वेल्समधल्या १७२८ मेगावॅटच्या डिनॉरविग केंद्रात (१९८४) संच आधीच हवेत फिरत ठेवले असतील तर १३२० मेगावॅट १२ सेकंदांत उभे राहतात. ग्रिड चालवणाऱ्याला या सेकंदांची किंमत युनिटपेक्षा जास्त वाटते, आणि दरपत्रकात नेमकी तीच धरलेली नसते.

निश्चित वेगाच्या संचाला एक मोठी मर्यादा असते. निर्मिती कमी-जास्त करता येते, पंपाचा भार मात्र करता येत नाही. १२५ मेगावॅटचा पंप एकतर १२५ घेतो किंवा काहीच नाही. दुपारी ढग येऊन सौर उत्पादन वर-खाली होऊ लागले की त्याच्या मागोमाग जाणे अशा पंपाला जमत नाही. यावर उपाय बदलत्या वेगाच्या संचांचा. उत्तराखंडमधल्या टिहरीच्या १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पात (२५० चे चार संच) ते बसवले आहेत. ते महाग असतात आणि वीजगृहही मोठे लागते. पण सौरऊर्जेसाठीच प्रकल्प बांधायचा आणि त्यात निश्चित वेगाचे संच बसवायचे, ही काटकसर पुढे महागात पडते.

काय बिघडते

सर्वांत बोलका अपघात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टॉम सॉक येथे १४ डिसेंबर २००५ रोजी झाला. वरच्या तलावातली पातळी मोजणारी उपकरणे जागेवरून सरकली होती आणि प्रत्यक्षापेक्षा कमी पातळी दाखवत होती. पंप चालूच राहिले. पाणी बांधावरून वाहू लागले आणि बांध फुटला. नदीवरच्या धरणाला पूर बाहेर काढायला सांडवा असतो. डोंगरमाथ्यावरच्या या बंदिस्त तलावाला तो नव्हता, कारण पाणी येणार ते फक्त आपल्याच पंपाने, असा हिशेब होता. २०१० पर्यंत तलाव पुन्हा बांधला गेला, या वेळी रोलरने दाबलेल्या काँक्रीटचा.

ऑस्ट्रेलियाचा स्नोई २.० हा खर्चाचा धडा. २०१७ मध्ये जाहीर करताना किंमत २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितली गेली, २०२३ मध्ये ती १२ अब्जांवर गेली. बोगदा खोदणारे एक यंत्र २०२२ मध्ये भुसभुशीत जमिनीत अडकून पडले आणि वर जमिनीला भगदाड पडले. सह्याद्रीचा बेसाल्ट एकंदर चांगला खडक आहे. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो आणि उभ्या भेगांतून पाणी झिरपते. ही जागा सर्वेक्षणाच्या छिद्रांतून सुटली की बोगद्यात सापडते, आणि मग कंत्राटाचा खर्च वाढतो.

भारतातले अपयश बहुधा आजूबाजूच्या कामांचे असते. सरदार सरोवराचे १२०० मेगावॅटचे संच उलटे फिरू शकतात. पण धरणाखाली गरुडेश्वरचा बंधारा लागत होता. तो वेळेत झाला नाही आणि संच वर्षानुवर्षे केवळ निर्मितीच करत राहिले. गुजरातमध्येच कडाणा येथे कंपनांमुळे पंप चालवणे थांबले. उजनी आणि पैठण येथेही १२-१२ मेगावॅटचे उलटे फिरणारे संच आहेत, पण सिंचनाच्या धरणात पाणी कधी सोडायचे हे शेतीचे आवर्तन ठरवते. कोयनेच्या धरणपायथ्याचा ८० मेगावॅटचा प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. कागदावरची क्षमता आणि पंप खरोखर चालवू शकणारी क्षमता यांत अंतर राहते ते असे.

खर्च आणि धोरण

एक ढोबळ हिशेब मांडू. भांडवल प्रति मेगावॅट ६ कोटी रुपये, वर्षाला त्याच्या १२ टक्के स्थिर आकार (वीज बनो न बनो, द्यावीच लागणारी रक्कम), रोज सहा तास निर्मिती आणि वर्षाला ३३० दिवस. स्थिर आकार युनिटमागे सुमारे ३ रुपये ६० पैसे पडतो. दुपारची वीज अडीच रुपयांना घेतली आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर त्यात ३ रुपये ३३ पैशांची वीज मिळवावी लागते. संध्याकाळचे युनिट सात रुपयांच्या घरात जाते. प्रकल्प निम्मेच दिवस चालला तर स्थिर आकार दुप्पट होतो आणि हिशेब कोलमडतो.

बॅटरीने हे गणित हलवले आहे. २०२२ च्या केंद्रीय निविदेत दोन तासांच्या बॅटरीचे भाडे प्रति मेगावॅट महिना १०.८३ लाख रुपये आले होते. २०२४ च्या अखेरीस सरकारी अनुदानाच्या आधाराने ते सव्वादोन ते अडीच लाखांपर्यंत उतरले. दिवसाला एक आवर्तन, म्हणजे बॅटरी एकदा भरून रिकामी करणे, धरले तर हे युनिटमागे चार रुपयांच्या आसपास होतात, आणि दोन आवर्तने झाली तर निम्मे. बॅटरी वर्ष-दीड वर्षात बसते, तर उदंचन प्रकल्पाला मंजुऱ्या धरून आठ-दहा वर्षे सहज जातात. दुसरीकडे बॅटरीचे करार बारा-पंधरा वर्षांचे असतात, तर उदंचनाच्या यंत्रांचे आयुष्य चाळीस वर्षांच्या आसपास आणि धरणाचे त्याहून जास्त. बॅटरीचे तास वाढवले की खर्च जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. तलाव थोडा मोठा केल्याने मात्र संचांचा आणि बोगद्याचा खर्च बदलत नाही. म्हणून दोन तासांच्या गरजेला आज बॅटरीच योग्य आणि आठ तासांच्या गरजेला, जागा चांगली असेल तर, उदंचन. चार तासांच्या पट्ट्यात चाळीस वर्षांचा खरेदी करार करताना वितरण कंपनीने फार सावध राहायला हवे.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये एकूण वापरातली ठरावीक वीज साठवणीतून घेण्याचे बंधन घातले : २०२३-२४ मधल्या १ टक्क्यापासून २०२९-३० पर्यंत ४ टक्के. उदंचनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने खासगी व सार्वजनिक कंपन्यांशी करारांचा सपाटा लावला. टाटा पॉवरचे भिवपुरी (१००० मेगावॅट) आणि शिरवटा (१८०० मेगावॅट) हे प्रस्ताव त्यातलेच, आणि भिरा येथे या कंपनीचा १५० मेगावॅटचा उदंचन संच आधीपासून चालतो आहे. सामंजस्य करार म्हणजे प्रकल्प नव्हे, हे वाचकाने आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

मागणी हलवणे हा साठवणीला सर्वांत स्वस्त पर्याय. राज्यात कृषिपंपांना रात्रीची वीज द्यायची प्रथा जुन्या घड्याळाची होती. सौर कृषी वाहिन्यांमुळे तो भार दुपारी सरकतो आहे. जितका तो सरकेल तितके पाणी चढवायचे कारण कमी उरेल. घाटमाथ्यावर ओळीने तलाव आखताना हा हिशेब एकत्र मांडलेला सहसा दिसत नाही.

पाणी कोणाचे

तेच पाणी फिरत राहते हे खरे, पण पहिल्यांदा भरायला पाणी लागते आणि मग दरवर्षी बाष्पीभवनाची तूट भरावी लागते. महाराष्ट्रात उघड्या पाण्याची पातळी वर्षाला दीड-दोन मीटर बाष्पीभवनाने उतरते. शिवाय कड्याच्या दोन बाजूंना दोन खोरी असतात. वरचा तलाव गोदावरी किंवा कृष्णेच्या खोऱ्यात, खालचा कोकणात. कृष्णा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे न्यायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून ठेवले आहे. तिथले अवजल, म्हणजे टर्बाइन फिरवून बाहेर पडलेले पाणी, कोकणात जाते, परत येत नाही. उदंचनात ते परत येते, पण पावसाळ्यात खालचा तलाव सांडव्यावरून वाहिला तर वाहिलेले पाणी कोणत्या खोऱ्याच्या खाती मांडायचे, हे परवान्यातच लिहिलेले बरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगाव धरणाचे पाणी वापरणाऱ्या प्रस्तावित २१०० मेगावॅटच्या प्रकल्पाला भुदरगड तालुक्यात विरोध झाला, त्यामागेही सिंचनाच्या पाण्याचीच धास्ती आहे. पंपाचे वेळापत्रक, धरणातली किमान पातळी आणि पहिल्या भरणीचा हंगाम या तीन गोष्टी करारात आकड्यांनिशी आल्या, तर लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला निदान कशावर बोट ठेवायचे ते कळते. जनसुनावणीत वाटल्या जाणाऱ्या सारांशात बहुधा मेगावॅट आणि रोजगार एवढेच असते.