पाळी, आयबीएस आणि गर्भनिरोधकाची निवड

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे बोलण्यातला ‘आयबीएस’, असलेल्या कितीतरी स्त्रियांचे पोट पाळीच्या तोंडावर आणि पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जास्त बिघडते. एरवी अधूनमधून येणारी कळ रोज येते, बद्धकोष्ठ असलेलीला अचानक जुलाब होतात, पोट नगाऱ्यासारखे फुगते. अशा स्त्रीला गर्भनिरोधक निवडायचे असते तेव्हा ‘मूल नको’ एवढा एकच निकष पुरत नाही. साधनामुळे पाळी हलकी होईल की जड, त्यातल्या संप्रेरकांनी आतडे मंद होईल का, आणि जुलाबाच्या दिवशी पोटात गेलेली गोळी अंगी लागेल का, हेही पाहावे लागते. हे प्रश्न एकत्र क्वचितच विचारले जातात. पोटासाठी पोटविकारतज्ज्ञ, पाळीसाठी गायनॅक, आणि दोन फायली दोन पिशव्यांत, अशी बहुतेकींची स्थिती असते.

पाळीत पोट का बिघडते

बीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन वाढलेले असते. हे संप्रेरक स्नायू सैलावते आणि त्यात आतड्याचे स्नायूही आले. म्हणून पाळीआधी शौचाला खडा होतो, गॅस धरतो. पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. गर्भाशय आकुंचन पावून अस्तर बाहेर टाकते ते यांच्यामुळे. पण आतडे तिथेच शेजारी आहे. त्यालाही ही द्रव्ये पिळतात, आणि पहिल्या दिवशी सकाळी तीन-चार वेळा संडासला पळावे लागते. निरोगी स्त्रियांनाही हे होते. आयबीएसमध्ये आतड्याच्या संवेदना मुळातच तीव्र असतात आणि पाळीत त्या आणखी तीव्र होतात, त्यामुळे तेवढाच गॅस, तेवढीच हालचाल असह्य होते. ‘पाळीत सगळ्यांचंच दुखतं’ असे म्हणून या दुखण्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

यातून एक कामाची गोष्ट निघते. चढउतार आणि रक्तस्राव कमी करणारे साधन पोटालाही आराम देऊ शकते. रक्तस्राव वाढवणारे साधन उलट करू शकते. मात्र गर्भनिरोधक हे आयबीएसचे औषध नव्हे. प्रत्येकीचा अनुभव वेगळा असतो.

आधी निदान

रोम-४ या २०१६ च्या निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणे, आणि शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांत बदल, शौचाच्या स्वरूपात बदल यांपैकी किमान दोन गोष्टी त्या दुखण्याशी जोडलेल्या असणे म्हणजे आयबीएस. तक्रार सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. शौचातून रक्त, कमी होत जाणारे वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पंडुरोग यांपैकी काही असेल तर आयबीएस म्हणून थांबता येत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही ध्यानात ठेवावा लागतो. त्याचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे: क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करते.

सगळ्यात जास्त हुकणारे निदान एंडोमेट्रिओसिसचे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर, कधी थेट आतड्यावर, वाढते. पाळीत शौचाला बसताना गुदद्वारापाशी सुरी फिरवल्यासारखे दुखणे, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणे, पाळीगणिक वाढत जाणारी वेदना या त्याच्या खुणा आहेत. साधी सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून तो नाहीच असे ठरत नाही. अनेक जणी वर्षानुवर्षे आयबीएसच्या गोळ्या घेत राहतात आणि मूळ दुखणे हेच निघते. साधन निवडण्यापूर्वी ही शंका एकदा बोलून टाकावी, कारण त्यावरही बहुधा संप्रेरकांचेच उपचार सुरू होतात.

दोन-तीन पाळ्यांची वही ठेवणे हा साधा पण मोठा उपाय आहे. पाळीची तारीख, रक्तस्राव, शौचाच्या वेळा, दुखणे, त्या दिवशी खाल्लेले वातूळ पदार्थ. मिसळ, उसळ, कांदा-लसणाचे वाटण, गव्हाची पोळी हे सगळे आयबीएसमध्ये त्रास देऊ शकते, म्हणून पाळीचा दोष कोणता आणि ताटाचा कोणता हे वहीशिवाय कळत नाही.

कोणते साधन काय करते

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) अशी दोन्ही संप्रेरके असलेली संयुक्त गोळी बीज सुटणे थांबवते आणि अस्तर पातळ ठेवते. अस्तर पातळ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी. पाळीबरोबर जुलाब आणि कळा येणाऱ्या स्त्रीसाठी हा विचारात घेण्याजोगा पहिला पर्याय. सरकारी ‘माला-एन’ याच वर्गातली. तिच्या पाकिटात २१ गोळ्या संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत संप्रेरके तुटतात, रक्तस्राव होतो आणि पोटही पुन्हा बिघडू शकते. शिवाय लोहाने काहींना शौचाला खडा होतो, काहींचे पोट ढवळते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जणी ‘गोळीच सोसत नाही’ म्हणून पाकीट टाकून देतात. या सात गोळ्यांत गर्भनिरोधाचे औषध नसते. रक्त कमी असेल तर लोह लागतेच, पण ते कोणत्या रूपात घ्यायचे हे डॉक्टरांशी बोलून बदलता येते. संप्रेरकांच्या २१ गोळ्या संपल्यावर थेट पुढचे पाकीट सुरू करून पाळी लांबवणेही शक्य आहे. दर महिन्याला रक्तस्राव झालाच पाहिजे अशी या गोळीवर वैद्यकीय गरज नसते. ‘घाण अंगात साठते’ ही भीती निराधार आहे. सुरुवातीच्या महिन्यांत मधूनच डाग दिसतात, ते बहुधा हळूहळू कमी होतात.

संयुक्त गोळी सगळ्यांना चालत नाही. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, पूर्वी शिरेत झालेली गुठळी, वाढलेला रक्तदाब, पस्तिशीनंतर धूम्रपान, नुकतेच बाळंतपण, स्तनाचा कर्करोग यांत ती टाळतात. मिश्रीची सवयही डॉक्टरांना सांगावी, ती लपवली जाते.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, स्वस्त, भरवशाची आणि संप्रेरकांविना. ३८० ए प्रकारची दहा वर्षे चालते. पण पहिले काही महिने ती रक्तस्राव आणि कळा वाढवते. आधीच पाळीत पोट धरून बसणारीला ती पहिली सुचवणे मला योग्य वाटत नाही, आणि आपल्याकडे पहिले मूल झाल्यावर बरेचदा तीच सुचवली जाते. पाळी हलकी असेल आणि पोटाचा त्रास मुख्यतः खाण्याशी जोडलेला असेल तर मात्र तांबीला हरकत नाही.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे गर्भाशयातले साधन याच्या उलट. त्यातले संप्रेरक मुख्यतः गर्भाशयातच काम करते, रक्तस्राव खूप घटतो आणि वर्षभराने पाचातल्या एकीची पाळी थांबलेलीही असते. बहुतेकींचे बीज मात्र सुटतच राहते. म्हणून पाळीतले जुलाब कमी झाले तरी पाळीआधीचा गुबारा तसाच राहू शकतो. हे आधी सांगितले तर निराशा होत नाही. बसवताना दुखते, आतडे संवेदनशील असलेलीने वेदनाशामकाची सोय आधीच विचारून घ्यावी.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. सुरुवातीला रक्तस्राव अवेळी होतो, पण वर्षभरात सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबते. ते आतड्यातून शोषले जावे लागत नाही, म्हणून जुलाबवालीला सोयीचे. बद्धकोष्ठ मुख्य तक्रार असेल तर मात्र सावध राहावे, प्रोजेस्टिनने काहींचे पोट आणखी मंदावते. इंजेक्शन एकदा दिले की काढून घेता येत नाही, आणि थांबवल्यावर दिवस राहायला बरेच महिने जाऊ शकतात. लवकर मूल हवे असेल तर हे निवडू नये.

‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन तिच्यात नाहीत. काहींच्या पाळ्या लांबतात. निरोधचा पोटावर काहीच परिणाम नाही. तो पोटाचा त्रास वाढवत नाही आणि घटवतही नाही.

जुलाबाच्या दिवशी गोळी

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली किंवा जोराचे जुलाब चोवीस तासांहून जास्त चालले तर गोळी चुकली असे धरून पाकिटावरच्या सूचना पाळाव्यात आणि सात दिवस निरोधही वापरावा. आयबीएसमधल्या दोन-तीन पातळ शौचांनी गोळी वाया जात नाही. इसबगोल आणि गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. पाळीच्या कळांवर घेतात त्या मेफेनॅमिक ॲसिडने प्रोस्टाग्लँडिन कमी होतात, पण काहींना त्यानेच जुलाब होतात. तसे झाले तर दुसरे वेदनाशामक मागावे.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

गौरी-गणपतीत पुण्यातल्या औषधांच्या दुकानांतून या गोळ्या सर्रास नेल्या जातात. घरात ‘कावळा शिवला’ तर नैवेद्याचे काय, ही चिंता अजून गेलेली नाही. यांतले नॉरएथिस्टेरॉन दिवसातून तीनदा घेतात. ते गर्भनिरोधक म्हणून दिलेले नसते, त्यावर विसंबू नये. पूर्वी रक्ताची गुठळी झालेलीने ते विचारल्याशिवाय घेऊच नये. आयबीएसवालीला आणखी एक अडचण: गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि अडवलेले दुखणे विसर्जनानंतर एकदम उसळते. त्यातच पुरणपोळी, म्हणजे गहू आणि हरभराडाळ. वर्षातून तीन-चारदा असे करणारीने नियमित गोळीचा विचार केलेला बरा.

पुण्यात

पुण्याला हा विषय नवा नाही. मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे पुण्यातच शिकले होते. शकुंतला परांजपे यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे वर्षानुवर्षे याच शहरात संततिनियमनाचे काम केले. १९६४ ते १९७० त्या राज्यसभेत होत्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या काळात हा शब्द उच्चारणेही लाजिरवाणे मानले जाई त्या काळातले हे काम आहे.

आज ससून रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे आणि मंगळवार पेठेत महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे. सरकारी कार्यक्रमातली साधने मोफत असतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या साधनासाठी बहुधा खासगी दवाखाना गाठावा लागतो. हडपसरहून हिंजवडीला तास-दीड तास बसने जाणाऱ्या मुलीसाठी पाळीचा पहिला दिवस म्हणजे वाटेत संडास कुठे मिळेल याचा हिशोब असतो, आणि तो तिने डॉक्टरांना सांगायला हवा. शिकायला-नोकरीला आलेल्या अविवाहित मुली बहुतेक वेळा ‘लग्न झालंय का?’ या पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. गर्भनिरोधकासाठी लग्नाचा दाखला लागत नाही. ‘पाळीत जुलाब होतात, म्हणून पाळी कमी करणारे साधन हवे’ एवढे एक वाक्य तपासणीसाठी पुरेसे कारण आहे. साधन सुरू केल्यावर किमान तीन महिने वही चालू ठेवावी. पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे असे काही झाले तर मात्र तीन महिने थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे.