पाळीत अंगावरून जास्त जातंय? अशोकाची साल नेण्याआधी एवढं वाचा

काउंटरवर पुरुष माणूस दिसला की आयाबहिणी हळू आवाजात "अशोकाची साल द्या" एवढंच म्हणतात आणि पुडी पिशवीत टाकून निघतात. विचारायचं ते पोटातच राहतं. म्हणून हा कागद पुडीसोबत देतोय.

आधी झाडाचं. बेळगावात शाळेच्या, बंगल्याच्या कंपाउंडला सरळसोट वाढणारं, नागमोडी कडांच्या लांब पानांचं झाड आपण अशोक म्हणून ओळखतो. तो औषधी अशोक नव्हे, पण त्याची साल खऱ्याच्या नावावर खपते. औषधाचा तो सीता-अशोक: कोवळी पानं तांबूस, लोंबती, फुलांचे केशरी-लाल गुच्छ. ही झाडं जंगलात कमी झालीत, म्हणून खरी साल महाग. दारातल्या झाडाची साल सोलून उकळू नका.

साल तुरट असते, तिचा दुधात पाक करतात. भरड एक भाग, दूध आठ, पाणी बत्तीस. पातेल्यात आधी नुसतं दूध ओता, चमच्याचा दांडा बुडवून खूण करा, मग पाणी आणि भरड घाला. मंद आचेवर आटून खुणेपर्यंत आलं की गाळा. किती नि किती दिवस घ्यायचं, हे वैद्यांनी ठरवायचं. अशोकारिष्टात, म्हणजे याच सालीच्या आंबवलेल्या तयार औषधात, गूळ असतो, आंबताना मद्यार्कही तयार होतो. शुगर असेल तर विचारल्याशिवाय नको.

कळा येतात तेव्हा ओव्याचं (कन्नडमध्ये ओमकाळू) कोमट पाणी अनेकींना बरं वाटतं. आमचा भरवसा मात्र ओटीपोटावरच्या गरम पाण्याच्या पिशवीवर जास्त. शतावरी शेजारणीला मानवली म्हणून नेऊ नका.

आमच्याच काकू दोन वर्षं काढे घेत राहिल्या. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा तपासलं, तर हिमोग्लोबिन 6 आणि गर्भाशयात गाठ. साल आमच्याच दुकानातली होती, याचं आजही वाईट वाटतं. म्हणून सांगतो: पाळी 7 दिवसांपुढे गेली, तासाला पॅड भिजायला लागलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग दिसला किंवा दिवस राहिल्याची शंका असली, तर पुडी नको, आधी डॉक्टर. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल आणि लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत चालतील.

दुपारी 3 ते 5 काउंटरवर आमच्या वहिनी बसतात. मराठी, कन्नड दोन्ही बोलतात. तेव्हा या, मोकळेपणानं विचारा.