पार्श्वभूमी : ‘एनग्राम पेशी’ या शब्दाची ओढाताण

आठवण हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या एका भागात, कशी बनते आणि परत कशी वर येते, या चर्चेत गेली दहा-बारा वर्षं ‘एनग्राम पेशी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. आठवण बनताना सक्रिय झालेल्या आणि पुन्हा जाग्या केल्या की ती वर आणणाऱ्या पेशी, असा त्याचा अर्थ. त्यातला ‘एनग्राम’ मात्र बराच जुना. १९०४ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने तो घडवला, तेव्हा अनुभवाने सजीव द्रव्यात मागे ठेवलेला टिकाऊ बदल एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, वेगवेगळे तुकडे काढून हा बदल शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली. चक्रव्यूहातली शिकलेली वाट पार पुसून टाकणारा एकही तुकडा सापडेना, तेव्हा १९५० मध्ये त्याने हात टेकले.

हिप्पोकॅम्पसकडे लक्ष वळलं ते एका शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या एका २७ वर्षांच्या रुग्णाचे फिट्सचे झटके थांबावेत म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण बनणंही थांबलं. आरशात बघून चांदणी गिरवण्यात त्याचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला; आपण हे काल केलं होतं, हे मात्र त्याला सांगता येत नसे. लहानपणच्या गोष्टी बऱ्याच शाबूत होत्या. म्हणजे जुन्या आठवणींचं सगळं कोठार तिथे नव्हतं.

१९७३ मध्ये सशांवरच्या प्रयोगांत दिसलं, की हिप्पोकॅम्पसकडे येणाऱ्या तंतूंना थोडा वेळ झपाट्याने विजेचे ठोके दिले, तर पुढच्या पेशींशी असलेला त्यांचा सांधा कित्येक तास बळकट राहतो. दोन पेशी एकाच वेळी सक्रिय झाल्याचं ओळखणारा रेणू पुढच्या दशकात हाती लागला. सांधा घट्ट होणं म्हणजेच आठवण, हे समीकरण मग पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं. जरा जास्तच पक्कं.

खरा गुंता सुरू झाला २०१२ मध्ये. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जनुकीय फेरफार असा केला होता, की ठरावीक काळात ज्या पेशी सक्रिय होतील त्यांच्यातच प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन तयार व्हावं. खाद्यातलं एक औषध बंद केलं की ही खूण लागायला सुरुवात, औषध परत दिलं की बंद. खूण लागत असताना उंदराला एका पेटीत पायांना विजेचा झटका दिला. नंतर झटक्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या पेटीत, मेंदूत बसवलेल्या बारीक तंतूतून निळा प्रकाश सोडला. उंदीर घाबरून जागच्या जागी थिजला. पुढच्याच वर्षी निरुपद्रवी पेटीच्या पेशींवर खूण लावली आणि दुसऱ्या पेटीत झटका देताना त्या प्रकाशाने जाग्या केल्या. मग पहिल्या पेटीत परतलेला उंदीर तिथे कधीच न घडलेल्या प्रसंगाला घाबरू लागला.

या प्रयोगांनंतर बोलण्यात ‘बदल’ मागे पडला आणि ‘पेशी’ पुढे आली. शब्दाची ही सरकासरक निरुपद्रवी नाही. खूण लागलेली पेशी एकाच आठवणीच्या मालकीची नसते, ती इतर आठवणींतही भाग घेऊ शकते. शिवाय आठवण त्या पेशीच्या आत आहे की तिच्या जोडण्यांत, हा मूळ प्रश्न नावामुळे झाकला जातो.

२०१५ च्या प्रयोगाने तो उघडा केला. पेटीत झटका देऊन शिकवल्याबरोबर उंदरांना नवी प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत ते फारसे घाबरले नाहीत. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने आठवण बनलीच नव्हती. खूण लागलेल्या पेशींचे सांधेही बळकट झालेले दिसले नाहीत. तरी प्रकाश पडताच हे उंदीर औषध न दिलेल्या उंदरांइतकेच थिजले. या पेशींचं पुढच्या टप्प्यातल्या खूण लागलेल्या पेशींशी असलेलं खास नातं मात्र टिकून होतं. प्रयोगकर्त्यांचा निष्कर्ष असा, की आठवण कोण कोणाशी जोडलंय यात साठते आणि सांध्याचा घट्टपणा ती बाहेर काढायला लागतो. आक्षेप असा, की सगळ्या पेशी एकदम पेटवणारा प्रकाश नैसर्गिक स्मरणापेक्षा फार ढोबळ असतो, आणि थिजण्यावरून उंदराला काय आठवलं हे कळत नाही. आक्षेपात दम आहे. पण सांधा म्हणजेच आठवण या जुन्या समीकरणाला बसलेला धक्का त्याने भरून निघत नाही.

माणसांवर असे प्रयोग होत नाहीत. तिथला पुरावा येतो तो फिट्सच्या उपचारासाठी मेंदूत तारा बसवलेल्या रुग्णांकडून. २००८ मध्ये अशा रुग्णांना काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर आठवतील त्या सांगायला लावल्या. फीत बघताना सक्रिय झालेली पेशी, रुग्णाने त्या फितीचं नाव घेण्याच्या जरा आधी पुन्हा सक्रिय होई. त्या पेशी बंद करून कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी आठवण वर आणली की आठवणीबरोबर त्या नुसत्या पेटल्या, हे या नोंदींवरून ठरत नाही.